आमच्या गावाला पाठ असलेला आकडा

'महाळुंगे' म्हटलं की पुण्यातली मंडळी लगेच विचारतात, "म्हणजे बालेवाडीच्या पलीकडचं ना? काय भाव चाललाय तिकडे फ्लॅटचा?" समोरचा कंपनीत नोकरीला असेल तर विचारतो, "चाकणजवळचं का?" मग माझं नेहमीचं पालुपद सुरू होतं. नाही हो, बालेवाडीजवळचं ते वेगळं, चाकणजवळचं महाळुंगे इंगळे ते वेगळं आणि आमचं महाळुंगे पडवळ वेगळं. तालुका आंबेगाव. मंचर, घोडेगाव, कळंब ही आमची शेजारपाजारची नावं. एवढं सांगूनही समोरच्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, तर शेवटचं अस्त्र काढायचं : "हुतात्मा बाबू गेनूंचं गाव!"

मग मात्र बहुतेकांना शाळेतला धडा आठवतो. मुंबईच्या गिरणीत काम करणारा बावीस वर्षांचा पोरगा, काळबादेवीचा रस्ता, विदेशी कापडाने भरलेला ट्रक आणि त्याच्या पुढे हा उभा. तारीख १२ डिसेंबर १९३०. आमच्या गावातल्या पहिलीच्या पोरालाही झोपेतून उठवून विचारा, १९३० हा आकडा तो न चुकता सांगेल. डिंभे धरणाच्या पाण्यालासुद्धा बाबू गेनूंचंच नाव आहे.

आता तुम्ही म्हणाल, आज हिला अचानक इतिहास का आठवला? तर मंडळी, आज इतिहासावर लिहायचं नाहीये. कॉम्प्युटरवर आणि फोनवर होणाऱ्या फसवणुकीबद्दल लिहायचं आहे. ऑनलाइन पैसे गेले तर आपल्या देशात ताबडतोब जो नंबर फिरवायचा, तो आहे १९३०. निव्वळ योगायोग! २०२१ साली ही सोय देशभर सुरू झाली तेव्हा नंबर होता १५५२६०, जो माझ्या तरी सात जन्मांत लक्षात राहिला नसता. पुढे तो बदलून १९३० झाला, आणि आमच्या गावापुरता पाठांतराचा प्रश्नच मिटला.

पण आकडा पाठ असणं वेगळं आणि वेळेवर फिरवणं वेगळं. माझ्या माहेरी या दोन्हींमध्ये अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांबद्दल मला लिहायचं आहे. ज्यांच्याबाबतीत हे घडलं त्या माझ्या चुलत्यांना, तात्यांना, विचारूनच लिहिते आहे. "लिही, पण हसू होईल असं लिहू नकोस," एवढंच ते म्हणाले.

तात्या म्हणजे निवृत्त प्राथमिक शिक्षक. तीसेक वर्षं पोरांना पाढे शिकवलेले. सातबारा ऑनलाइन काढणं, पेन्शनचा हयातीचा दाखला मोबाइलवरून पाठवणं, वाडीतल्या लोकांचे फॉर्म भरून देणं हे सगळं तात्याच करतात. म्हणजे अडाणी माणूस नव्हे. उलट 'त्यातलं कळणारा' माणूस म्हणून लोक त्यांच्याकडे येतात.

२०२५ च्या जानेवारीतली गोष्ट. घरचे सगळे कांद्याच्या खुरपणीला गेलेले. तात्या नातीसाठी दहावीच्या सराव प्रश्नपत्रिका शोधत लॅपटॉपवर बसलेले. कुठल्याशा फुकट पीडीएफ देणाऱ्या पानावर टिचकी मारली आणि पडदा भरून निळं पान आलं, वर लाल चौकट. भोंगा वाजायला लागला आणि एक बाई इंग्रजीतून सांगायला लागली की तुमचा कॉम्प्युटर लॉक झालाय, तुमची बँकेची माहिती चोरीला जातेय, बंद करू नका, ताबडतोब या नंबरवर फोन करा. वर मायक्रोसॉफ्टचं चार रंगांचं चिन्ह.

तात्यांनी फोन केला. पलीकडचा माणूस अतिशय सभ्य. हिंदीत बोलणारा, 'सर' म्हणणारा. त्याने एक प्रोग्राम उतरवून घ्यायला लावला. दुसऱ्याचा कॉम्प्युटर लांबून चालवता येतो, तसला. मग कॉम्प्युटरमध्येच एक यादी उघडून दाखवली, लाल फुल्या आणि पिवळे त्रिकोण यांची. "देखिए सर, इतने हॅकर घुसे हैं." मग तोच प्रोग्राम फोनवरही घ्यायला लावला. 'सिक्युरिटी'साठी फक्त ४९९ रुपये भरायचे. नोंदणीसाठी आधार आणि पॅनचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचे. तात्यांनी कार्डाचा नंबर टाकला, फोनवर ओटीपी आला, तो त्या माणसाला त्याच्या पडद्यावर आपोआप दिसलाच. अर्ध्या तासात तीन वेळा मिळून ४८,००० रुपये गेले. शेवटी त्याने सांगितलं, "सर, चोवीस तास कॉम्प्युटर चालू ठेवा आणि घरात कुणाला सांगू नका, हॅकर तुमच्याच नेटवर्कमध्ये असू शकतो."

तात्यांनी लॅपटॉप रात्रभर चालू ठेवला. उजेडाने कुणाला जाग येऊ नये म्हणून त्यावर टॉवेल टाकला.

हा टॉवेल माझ्या डोक्यातून जात नाही. असो.

आता यातली एकेक चलाखी उलगडून सांगते, कारण ही युक्ती जगभर जवळजवळ जशीच्या तशी चालते. पहिलं म्हणजे ते निळं पान. तो कॉम्प्युटरचा बिघाड नसतोच, ती फक्त एक वेबसाइट असते, पडदाभर पसरवलेली. एस्केपचं बटण दाबून धरलं की पसरलेलं पान लहान होतं, मग ते बंद करायचं. नाहीच ऐकलं तर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करायचा. तेही नको असेल तर पॉवरचं बटण दाबून धरून सरळ मशीन बंद करा. काहीही जळत नाही. आणि पुन्हा ब्राउझर उघडल्यावर 'मागची पानं परत आणू का' असं विचारलं तर नको म्हणा. मायक्रोसॉफ्टने स्वतःच जाहीर सांगितलेलं आहे की त्यांच्या खऱ्या सूचनांमध्ये फोन नंबर कधीच नसतो. हे एक वाक्य लक्षात ठेवलं तरी पुरे : पडद्यावर धोक्याची सूचना आणि सोबत फोन नंबर, म्हणजे चोर.

दुसरं, ती लाल फुल्यांची यादी. तिला इव्हेंट व्ह्यूअर म्हणतात. विंडोजच्या प्रत्येक मशीनमध्ये ती असते आणि अगदी धडधाकट मशीनमध्येही त्यात शेकडो किरकोळ चुकांची नोंद असते. डॉक्टरने तुम्हाला तुमचीच सावली दाखवून 'बघा, किती काळे पडलात' म्हणावं, तसला प्रकार.

तिसरं, तो लांबून चालवायचा प्रोग्राम. असे प्रोग्राम मुळात वाईट नाहीत, ऑफिसांमध्ये रोज वापरतात. पण अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून ते उतरवणं म्हणजे तिजोरीसकट घराची किल्ली देणं. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना याबद्दल सावध केलं होतं, कारण फोनवर हे ॲप बसलं की ओटीपी गुप्त राहतच नाही. 'मी ओटीपी कुणाला सांगितला नाही' असं फसलेली माणसं शपथेवर सांगतात, ते खरंच असतं. सांगावा लागतच नाही, दिसतो.

पलीकडचा तो 'सर, सर' करणारा कोण असतो? हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, पण हा धंदा आपल्या अंगणातलाच आहे. एप्रिल २००५ मध्ये पुण्यातल्या एका कॉल सेंटरमधल्या मुलांनी अमेरिकेतल्या बँक ग्राहकांकडून गोडीगुलाबीने पिन काढून घेऊन सुमारे साडेतीन लाख डॉलर वळवल्याचं प्रकरण उघडकीस आलं, तेव्हा केवढी खळबळ झाली होती! ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. सातशेच्या आसपास मुलंमुली तिथे सापडली, अमेरिकन लोकांना 'तुमचा आयकर थकलाय, अटक होईल' असं धमकावणारी. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयच्या 'ऑपरेशन चक्र-२' मध्ये देशभर ७६ ठिकाणी झडत्या झाल्या. त्यात ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट यांनी केलेल्या तक्रारींवरूनही गुन्हे दाखल झाले होते, म्हणजे अगदी तात्यांच्या पडद्यावरचाच प्रकार. आणि मे २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी खराडीतल्या एका कॉल सेंटरवर छापा घातला, तिथून अमेरिकेतल्या लोकांना 'डिजिटल अरेस्ट'ची भीती घालत होते. गावाकडून एसटीने पुण्यात येताना खराडी काही फार लांब नाही.

हे लोक कॉम्प्युटरचे जादूगार नसतात. त्यांच्याकडे एक लिहिलेला कागद असतो. आधी घाबरवायचं, मग धीर द्यायचा, मग घाई करायची आणि सगळ्यात शेवटी सांगायचं, कुणाला सांगू नका. पगारावर काम करणारी माणसं शिफ्ट लावून तो कागद वाचतात. न्यू जर्सीतल्या आजींनाही तोच आणि महाळुंग्यातल्या तात्यांनाही तोच.

माझं असं ठाम मत झालंय की त्या कागदातली सगळ्यात महत्त्वाची ओळ शेवटची आहे. बाकी सगळं तात्यांना माहीत होतं हो! त्या दिवसांत कुणालाही फोन लावला की आधी सायबर फसवणुकीची सूचना वाजायची, आठवतंय ना? किती वैतागायचो आपण. ती तात्यांनीही रोज ऐकलेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये 'थांबा, विचार करा, मग कृती करा' असं सांगितलं, तेही त्यांनी ऐकलेलं. माहिती कमी पडलीच नाही. कमी पडला तो घरात एक माणूस. त्या वेळी काकू नुसती दारातून डोकावून "कोणाशी बोलताय एवढं हळू हळू?" एवढं म्हणाली असती तरी मंत्र तुटला असता.

आमच्या भागातल्या लोकांना हे समजावायला मला फार कष्ट पडत नाहीत. जुन्नर-आंबेगाव म्हणजे बिबट्याचा मुलूख. उसाच्या कडेने जायचं तर काय करायचं, हे पोरासोरांना ठाऊक आहे. एकटं जायचं नाही, हातात बॅटरी ठेवायची, मोठ्याने बोलत किंवा मोबाइलवर गाणी लावून जायचं, अंधारात खाली वाकून बसायचं नाही. कारण बिबट्या एकट्या, वाकलेल्या, गप्प माणसाला हेरतो. चार जण बोलत चालले असतील तर सहसा वाटेला जात नाही. हा फोनवरचा बिबट्याही तसाच. फरक इतकाच, की उसाच्या वाटेने तात्यांना आपण एकटं सोडत नाही, पण फोनच्या वाटेने प्रत्येक म्हातारं माणूस एकटंच चाललंय.

आता त्या अकरा दिवसांबद्दल.

दुसऱ्या दिवशी तात्यांना कळलंच होतं. बँकेचे मेसेज आले होते. पण ते कुणाशी बोलले नाहीत. संध्याकाळी पारावर जाणं बंद केलं. काकूला वाटलं, बीपी वाढलं असेल. अकराव्या दिवशी चुलतभाऊ मंचरला पासबुक भरून घेऊन आला आणि त्याने आकडे बघितले, तेव्हा सगळं बाहेर आलं. त्याने मला फोन लावला, आम्ही लगेच १९३० ला लावला, पोर्टलवर तक्रार नोंदवली, बँकेत लेखी दिलं. तोवर पैसे तीन खात्यांतून फिरून गेले होते. कुठल्यातरी खात्यात अडकलेले ६,२०० रुपये सापडले. ते परत मिळायला अर्ज, कोर्टाचा आदेश वगैरे करून चार महिने लागले.

१९३० चं काम कसं चालतं हे कळलं तर घाई का करायची ते लक्षात येईल. तुम्ही फोन केला की तुमचा व्यवहार क्रमांक यंत्रणेत टाकला जातो आणि पैसे ज्या बँकेत गेले तिला लगेच कळतं. पैसे अजून त्या खात्यात असतील तर तिथेच रोखून धरतात. पुढे सरकले असतील तर पुढच्या बँकेला कळवतात. चोर आणि यंत्रणा यांची ही धावण्याची शर्यत असते. पहिल्या तासात फोन गेला तर काही हाती लागण्याची आशा खूप, अकराव्या दिवशी फार थोडी. फोन करताना चार गोष्टी हाताशी ठेवायच्या : कुठल्या बँकेच्या खात्यातून किंवा कार्डावरून गेले, किती गेले, किती वाजता गेले आणि मेसेजमधला व्यवहार क्रमांक. ओटीपी, पिन तिथेही कुणी विचारत नाही.

आणि उशीर झाला म्हणून कळवायचंच नाही, असंही करू नका. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ च्या परिपत्रकात हे स्पष्ट लिहिलं होतं. ग्राहकाची काहीच चूक नसेल आणि बाहेरच्या कुणी केलेली चोरी तीन कामकाजाच्या दिवसांत कळवली तर ग्राहकाला तोशीस नाही. ग्राहकाच्या हयगयीने पैसे गेले तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे दार उघडं राहिलंय हे कळलं की ते लावायचं, 'आता काय उपयोग' म्हणत बसायचं नाही.

अकरा दिवस गप्प का राहिलात, असं मी तात्यांना विचारलं नाही. त्यांनीच एकदा ओट्यावर बसल्या बसल्या सांगितलं. "पैशाचं काही नाही गं. दोन वर्षांत भरून निघेल. पण मी त्या पोराला 'साहेब' म्हणत होतो. चाळीस मिनिटं. हो साहेब, बरं साहेब. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसला असता तो."

यावर मी काय बोलणार?

गोष्ट इथेच संपली असती तर बरं झालं असतं. पण जूनमध्ये तात्यांना एक मेसेज आला, 'तुमच्या कर्जाचा हप्ता थकला आहे.' कसलं कर्ज? आयुष्यात सोसायटीच्या पीककर्जाशिवाय कर्ज न घेतलेला माणूस! चौकशी केली तर कुठल्याशा ऑनलाइन कर्ज देणाऱ्या कंपनीकडून त्यांच्या नावावर ३५,००० रुपये उचललेले. जानेवारीत पाठवलेले आधार आणि पॅनचे फोटो कुणाच्या तरी कामी आले होते. पैसे चोरीला जातात तेव्हा एकदाच जातात. ओळख चोरीला गेली की ती पुन्हा पुन्हा वापरता येते.

तात्यांच्या हातात जानेवारीतली पोलीस तक्रार होती, तीच इथे उपयोगी पडली. ती जोडून कंपनीला लिहिलं, क्रेडिट ब्युरोकडे हरकत नोंदवली, पाठपुरावा केला आणि अखेर ते कर्ज त्यांच्या नावावरून निघालं. हे सगळ्यांसाठी सांगते : देशात चार क्रेडिट ब्युरो आहेत, सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकाकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. आपल्या नावावर आपल्याला न सांगता कोण कर्ज काढून बसलाय, हे त्यात दिसतं. हरकत घेतल्यावर ३० दिवसांत निवारण झालं नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा नियम आहे.

ओळखीची चोरी म्हणजे काहीतरी परदेशी प्रकरण, असं वाटत असेल तर २०२४ ची 'लाडकी बहीण' योजना आठवा. खारघरच्या एका बाईंचा अर्ज पुढे जाईना, कारण त्यांच्या आधार क्रमांकावर आधीच कुणीतरी अर्ज भरलेला. शोध घेतला तर सातारा जिल्ह्यातल्या एका दांपत्याने वेगवेगळ्या आधार क्रमांकांवर तीसच्या आसपास अर्ज भरल्याचं समोर आलं. पुढे २०२५ मध्ये याच योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा लगोलग खोट्या वेबसाइट उगवल्या. देशातलं पहिलं आधार कार्ड आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबारच्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० ला दिलं गेलं होतं. तेव्हापासून आपण त्याच्या झेरॉक्स प्रती दिवाळीच्या फराळासारख्या वाटत आलो आहोत. लॉजवर द्या, सिमवाल्याला द्या, लग्नाच्या हॉलवाल्याला द्या.

बरं, नुसता कागदच नाही, अंगठाही. २०१८ साली तेलंगणात एका सिमकार्ड विकणाऱ्याने जमिनीच्या नोंदणी दस्तांवरचे अंगठ्यांचे ठसे वेबसाइटवरून उतरवून घेतले आणि त्यांचे रबरी ठसे बनवून हजारो सिम चालू केली होती. आपल्याकडे तर वाटणीपत्र म्हणा, खरेदीखत म्हणा, प्रत्येक घरातल्या म्हाताऱ्यांचे अंगठे कुठे ना कुठे उमटलेले आहेत. म्हणून आमच्या घरी आता सगळ्यांचं बायोमेट्रिक लॉक केलंय. आधारच्या वेबसाइटवर किंवा ॲपवर ते होतं, फुकट. फक्त रेशन दुकानात अंगठा लावायचा असेल तेव्हा आधी थोड्या वेळापुरतं उघडावं लागतं, नाहीतर मशीन नाही म्हणतं आणि रांगेतली मंडळी आपल्याला बोल लावतात. कुणाला आधारची प्रत द्यावीच लागली तर पहिले आठ अंक झाकलेली 'मास्क्ड' प्रत द्यायची, आणि त्यावर कशासाठी दिली ते आणि तारीख पेनाने लिहायची. केंद्राच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत तेही बघता येतं. काकूच्या नावावर एक अनोळखी नंबर निघाला. तिथेच 'हा माझा नाही' असं कळवता येतं, तसं कळवलं.

आणखी दोन गोष्टी. बँकेचा किंवा गॅसचा कस्टमर केअर नंबर गूगलवर शोधू नका, तिथे चोरांनी आपले नंबर पेरलेले असतात. पासबुकावर, कार्डाच्या मागे असतो तोच घ्या. आणि व्हॉट्सॲपवर शेवटी 'एपीके' लिहिलेली फाइल आली, मग ती लग्नपत्रिका असो, पीएम किसानचा हप्ता असो की गाडीचं चलन, हात लावू नका. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. ॲप उतरवायला लावणारं लग्न आपल्या नात्यात अजून ठरलेलं नाही! आणि हो, 'तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा' म्हणणारा भेटला तर तो त्याच टोळीचा भाऊ समजा. तात्यांना असे दोन फोन येऊन गेले.

हे सगळं लिहिलं खरं, पण यातलं अर्धं तुम्ही विसराल, मीही विसरेन. म्हणून आम्ही घरात एकच नियम ठेवलाय. फोनवर कुणीही पैसे, कागद, ॲप किंवा ओटीपी यांतलं काहीही मागितलं की एकच उत्तर द्यायचं : "घरात विचारून सांगते." आणि फोन ठेवायचा. खरा माणूस असेल तर थांबेल. बँकही थांबते, पोलीसही थांबतात, सरकार तर थांबतंच थांबतं! जो म्हणेल 'नाही, आत्ताच, आणि कुणाला विचारू नका', तो कोण आहे हे त्यानेच सांगितलं.

नियमाचा दुसरा भाग आपल्यासाठी, म्हणजे पुण्या-मुंबईत, बंगळुरूत, अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे. 'विचारून सांगतो' म्हणणाऱ्याने ज्याला विचारायचं, त्याने फोन उचलायला हवा. मीटिंग असली तरी. आणि विचारल्यावर 'एवढं कसं कळत नाही तुम्हाला' हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. ते वाक्य एकदा ऐकलेला माणूस पुढच्या वेळी अकरा दिवस गप्प बसतो, आणि चोराला तेवढंच हवं असतं. चुकून दिले पैसे तर जेवलात का विचारा, आणि १९३० लावा. रागवायचं असेल तर नंतर भरपूर वेळ आहे.

तात्यांनी मार्चपासून पुन्हा पारावर जायला सुरुवात केली. तिथे ते आता हा किस्सा स्वतःच सांगतात, 'साहेब' सकट. ऐकून पहिल्याच आठवड्यात दोघं जण हळूच त्यांच्याकडे आले. एकाचे नऊ हजार गेले होते, दुसऱ्याचे बावीस. दोघांनीही बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. तात्यांनी दोघांच्या तक्रारी पोर्टलवर स्वतः भरून दिल्या.